हात का काढलात?

नांदुऱ्याच्या स्टेशनवर मला पोहोचवायला आई वडनेरहून बैलगाडीने आली होती. मी बत्तीस वर्षांची विधवा, आठ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून आता नागपूरला नर्सिंग शिकायला निघालेली. आई गावची सुईण. बाळंतिणीला तिचा हात साऱ्या घरांत चाले. प्यायला पाणी मात्र तिच्या ओंजळीत वरून ओतत. गाडी आली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आंधी पोटाले हात लाव, मंग बोल."

नागपुरात ड्यूटी, राउंड, चार्ट असे नवे शब्द मिळाले. माझे 'मले-तुले' लपवता लपवता मी बोलणेच कमी केले. त्या शब्दांतला 'ऑर्डर' मला सर्वांत सोयीचा वाटला. सांगितल्याशिवाय काही करायचे नाही, हा नियम माझ्यासारख्या बुजऱ्या बाईला आधारासारखा होता.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचा चेहरा पांढरा पडू लागला. चादरीवर रक्त थोडेच होते, पण नाडी पळत होती. पोटावर हात ठेवला. घट्ट हवे असलेले गर्भाशय सैल लागले. ते घट्ट होऊन रक्त थांबेपर्यंत वरून चोळायचे, हे मी लहानपणापासून आईच्या शेजारी बसून पाहिले होते. तरीही मी हात काढला, चार्टवर नाडी लिहिली आणि डॉक्टरांची वाट पाहत दाराशी उभी राहिले. तेवढ्यात चादर लाल झाली. स्टाफ नर्स धावत आली, तिने पोट चोळले, इंजेक्शन दिले. बाई वाचली.

आम्हाला शिकवणाऱ्या ट्यूटरबाईंनी बोलावले, तेव्हा आता घरी पाठवतील म्हणून मी मनात ट्रंक भरून ठेवली होती. पोटावर हात ठेवल्यापासूनचे सारे मी त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "नाडी बरोबर लिहिलीत. हात का काढलात?" मी म्हणाले, ऑर्डर नव्हती. चोळायला ऑर्डर लागत नाही, असे त्यांनी सांगितले, आणि हे आधी कुठे शिकलात म्हणून विचारले. आई सुईण आहे, हे मी नागपुरात त्या दिवशी प्रथम बोलले.

पुढच्या तासाला त्यांनी आमच्या व्यवसायाचा इतिहास घेतला. घरातल्या बायांच्या हातातली विद्या इस्पितळात आली, तेव्हा तिला शिस्त मिळाली, पण निर्णय त्या बायांच्या हातून डॉक्टरकडे गेला. जिथे डॉक्टर पोहोचत नसे, तिथे तो पुन्हा नर्सकडेच येई. आता परदेशात काही ठिकाणी तिला तपासणीचे आणि निर्णयाचे रीतसर शिक्षण द्यावे, असा विचार सुरू झाला आहे. त्यासाठी तीन गोष्टी हव्यात, त्या म्हणाल्या: जाणणे, आपली मर्यादा ओळखणे आणि केल्याचा जबाब देणे. मी वहीत उतरवून घेतले, पण मनात आईच होती. तिला कुठे थांबायचे हे कोणी शिकवले नव्हते. मी थांबण्यापलीकडे काही शिकले नव्हते.

सुटीत आईला सारे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. "तुले माईत होतं, मंग काऊन थांबली?" याचे उत्तर मला चार वर्षांनी देता आले.

तेव्हा मी नागपुरातच स्टाफ नर्स होते आणि रजेवर गावी आले होते. एका घरून आईला बोलावणे आले, तिच्यासोबत मीही गेले. सुनेला आठवा महिना होता. आई दाराशीच मागे सरली आणि म्हणाली, "हिले पाहू द्या." पोरीचे पाय आणि चेहरा सुजले होते, डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सासूचे म्हणणे होते की बाळंतपण घरीच होईल. मी पोटावर हात ठेवला आणि, नागपुरात लपवलेल्या बोलीतच, म्हणाले, "हे घरचं काम नाही, मावशी. आजच खामगावच्या दवाखान्यात नेऊ. मी संग येतो. काई झालं तं मले विचारा."

 सासूने मुलाला गाडी जुंपायला सांगितले.

गावात मागे राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्या बायांनो, घर म्हटले की मला आता त्या घराची ओसरी आठवते. निघताना सासूने पाणी आणले आणि सवयीने तांब्या तिरपा केला. मी ओंजळ केली नाही. हात पुढे केला. तिने तांब्या सरळ केला आणि माझ्या हातात दिला. मी तो आईला दिला. आई दोन्ही हातांनी धरून सावकाश पाणी प्याली.