भूल उतरेपर्यंत
छापखान्यात सगळे त्याला खळकाका म्हणत. बत्तीस वर्षं पुस्तकं बांधून त्याच्या नखांच्या कडांना खळ कायमची बसली होती. घास कमी पडला तर नखं चाटा, असं मशीनवाले चिडवायचे आणि तोही हसायचा.

घरात मात्र हसणं उरलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्याची एकुलती मुलगी तापाने गेली. त्या दिवशी तो बायकोला म्हणाला होता, "डॉक्टरकडे न्यायला तू उशीर केलास." तेव्हापासून दोघं कामापुरतंच बोलत.

एका सकाळी कागद कापायच्या मशीनचं पातं बदलताना ते निसटलं आणि त्याच्या उजव्या तळहातात घुसलं. तीन बोटांच्या शिरा तुटल्या. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी गळ्याच्या हाडाजवळ इंजेक्शन देऊन अख्खा हात बधिर केला.

"संध्याकाळपर्यंत काही दुखणार नाही," नंतर त्यांनी बायकोला समजावलं. "पण मुंग्या यायला लागल्या की लगेच गोळी द्या, दुखायची वाट बघू नका. आणि हाताला जपा. कुठे आपटला, भाजला, तरी यांना कळायचं नाही."

दुपारी वॉर्डात त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा बायको खुर्ची ओढून जवळ बसली होती. प्लास्टरबाहेर आलेली त्याची बोटं तिने दोन्ही हातांत धरली होती, आणि मान खाली घालून ती रडत होती.

त्याला काहीच जाणवत नव्हतं. ना ऊब, ना ओल. दुसऱ्याच कोणाचा तरी हात तिने धरलाय असं वाटत होतं. बोटं हलवायचा त्याने प्रयत्न केला, पण ती ढिम्म. आपण जागे आहोत हे कळलं तर ती हात सोडेल, म्हणून त्याने पुन्हा डोळे मिटले.

दिवस कलला तशा मुंग्या आल्या. "येतायत," तो म्हणाला. तिने हात सोडला, गोळी काढली, पाणी दिलं. गोळीने थोडं निभावलं, तरी पुढचे दोन दिवस ठणक्याने त्याचा जीव नकोसा झाला. ती खुर्चीतच होती, पण हात तिने पुन्हा धरला नाही.

बोटं काही पूर्ण वळली नाहीत. मालकाने त्याला छापलेले कागद मोजायला बसवलं. घरी रोज सकाळी बायको दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे एकेक बोट हळूहळू वाकवून सरळ करायची. अशाच एका सकाळी तो म्हणाला, "उशीर तू केला नव्हतास."

तिचे हात थांबले.

"हे तेव्हा म्हणायचं होतं," ती म्हणाली, आणि तिने पुढचं बोट हातात घेतलं.

वर्षभराने छापखान्यात नवं मशीन आलं. मोजायला माणूस लागेना. आता तो घरीच असतो. दुपारी दोघं समोरासमोर बसून जेवतात. मुलीचं नाव अजून कोणी काढत नाही.