अफलातून

दहिवलीत आमच्या शेजारी एक निवृत्त सर राहतात. मांडीवर कायम फारसीचा जाडजूड शब्दकोश. कुणी मिसळीला अफलातून म्हणालं, की सर लगेच अडवणार, "थांब रं, ते माणसाचं नाव हाय. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो. अरबीत 'प' नाय, म्हणून त्याचा अफलातून झाला."

पक्षाघातानं त्यांच्या बायकोची, आमच्या काकूंची, वाचा गेली, तेव्हा सर स्वयंपाक शिकले. परवा मी गेलो, तर ते काकूंना चमच्यानं आमटी भरवत होते. आमटी अगदीच पाणचट दिसत होती. काकूंनी घोट गिळला आणि कित्येक महिन्यांनी पहिला शब्द उच्चारला, "अफ... लातून."

सर पंच्यानं त्यांची हनुवटी पुसत हळूच म्हणाले, "अजून वाढू गं?"