नानांची तीन नंबरची फ्लॉपी

नौपाड्यातल्या आमच्या डीटीपी सेंटरमध्ये आम्ही चौघं होतो: सुलभा, सतीश, मी आणि वयाने सगळ्यांत मोठे नाना. जुन्या फ्लॉप्यांसारखे किस्सेही खणात साठत गेले. एकाची मला अजून लाज वाटते.

*

टिटवाळ्याचे एक गृहस्थ मंडळाची स्मरणिका छापायला आले. फाइल मोठी, म्हणून दाबून तीन फ्लॉप्यांत तोडलेली. आणली एकच, तिसरी!

"अहो, बाकीच्या दोन?" सुलभाने विचारलं.

"घरी आहेत. मला शेवटचंच पान छापायचंय!"

एक तुकडा नसला की बाकीचे फुकट, हे समजावताना सुलभाचा चहा गार झाला.

*

नानांची बायको, आमच्या काकू, वारल्यावर नाना जेवणाच्या सुट्टीत काकूंनी लिहिलेली आठवणींची वही स्कॅन करायचे. पानं इतकी जीर्ण, की काचेवरून उचलताना तुकडे पडायचे. सगळं मिळून एक फाइल, चार फ्लॉप्यांत.

"पासवर्ड कुसुम!" नानांनी मोठ्याने जाहीर केलं.

"नाना, पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो!"

"अरे, तिचं नाव कसलं गुप्त ठेवायचं?"

पहिली फ्लॉपी त्यांनी स्वतःकडे ठेवली, बाकीच्या आम्हा तिघांना वाटल्या. "सगळं एका घरात नको. चोरी झाली तर?"

चार तुकडे म्हणजे चार प्रती नव्हेत, हे आमच्यापैकी कोणी बोललं नाही. कॉम्प्युटरवर सगळं होतंच की.

*

मी एकदा डोंबिवलीच्या मित्राकडून गेम आणला, झिप केलेला. अँटिव्हायरस म्हणाला, ओके! त्याने डबा बाहेरूनच पाहिला होता, झाकण उघडलं मी. आत व्हायरस. दुसऱ्या दिवशी सेंटरची हार्डडिस्क साफ.

सतीश माझ्यावर खेकसला. नानांनीच त्याला गप्प केलं. "जाऊ दे रे, पोरगं आहे. कुसुमची वही आपल्या चौघांकडे आहे ना? उद्या घेऊन या."

*

दुसऱ्या दिवशी नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिली फ्लॉपी घातली, पासवर्ड टाइप केला. मग सुलभाची दुसरी. स्क्रीनवर आलं, तिसरी घाला.

तिसरी माझ्याकडे होती. लेबलवर नानांच्या अक्षरातला ३ तसाच होता. गेम आणायच्या दिवशी घरात कोरी फ्लॉपी सापडली नव्हती, म्हणून मी हीच पुसून नेली होती.

नानांनी स्क्रीनवरची नजर न काढता हात मागे केला.

"दे ना रे. मोहने गावच्या शाळेतलं तिचं सगळं तिथून सुरू होतं."