नांदेडचं पिल्लू

मांजराचं पिल्लू आमच्या घरी येणार आहे, हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. घर माझं, पण ठरलं ते अव्वाचं, म्हणजे माझ्या आईचं, आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, फोनवर. बहीण नांदेडला असते. तिच्या मांजरीला चार पिल्लं झाली. संध्याकाळच्या रोजच्या फोनवर तिनं ते सांगितलं आणि अव्वा म्हणाली, "एक मला ठिव." मी कॉलेजातून शिकवून घरी आले, तेव्हा हे दिवाणाखालची माझी पुस्तकांची खोकी ओढून काढत होते आणि अव्वा खुर्चीत बसून कोणतं खोकं कुठं ठेवायचं ते सांगत होती.

"हे कशाला काढताय?" मी विचारलं.

"नांदेडहून पिल्लू येनार हाय," अव्वा म्हणाली. "नवीन घरात आलं की त्याला लपायला जागा लागती. ती म्हणली."

'ती म्हणली.' पुढचे सात-आठ आठवडे मी हेच ऐकत राहिले.

आम्ही दोघीच बहिणी, भाऊ नाही. अप्पा गेल्यावर अव्वा लातूरातलंच जुनं घर सोडून माझ्याकडे आली, त्याला नऊ वर्षं झाली. तिच्या गुडघ्यांची औषधं, मोतीबिंदूचं ऑपरेशन, दर महिन्याला बीपी तपासून आणणं, सगळं मी आणि हे करतो. बहीण वर्षातून दोनदा येते. येताना अव्वासाठी एखादं मऊ सुती पातळ आणते, दोन दिवस तिच्या कुशीत झोपते आणि जाते. ते पातळ अव्वा लग्नाकार्याला नेसते. मी आणलेली पातळं ती घरात नेसते. या वयात बाईनं असल्या गोष्टींवर लक्ष ठेवणं बरं दिसत नाही, पण माझं असतं.

पिल्लाची तयारी सुरू झाली तशी अव्वा बदलली. एरवी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागायचा. आता ती भिंतीला धरून घरभर फिरून काय काय धोक्याचं आहे ते हेरू लागली. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, म्हणून न्हाणीघरात दोन मोठी पिंपं भरलेली असतात. त्यांच्यावर आजवर फळी टाकलेली असायची. अव्वानं ह्यांना बाजारात पाठवून घट्ट बसणारी झाकणं आणवली, का तर पिल्लू कडेवर चढून आत पडेल. टीव्हीमागच्या वायरी ह्यांनी पट्टीनं भिंतीला चिकटवल्या. खाली एका घराचं बांधकाम चालू होतं, तिथून घमेलंभर वाळू आली. ती अव्वानं स्वतः चाळली, धुतली, गच्चीवर वाळवायला लावली आणि जुन्या प्लास्टिकच्या टबात भरून न्हाणीच्या दाराशी ठेवली.

माझ्या जुन्या साड्यांची एक वाकळ ती दोन वर्षांपासून शिवत होती. दुपारचे चार टाके घालायची, मग डोळे दुखतात म्हणून ठेवून द्यायची. ती वाकळ सुई-दोऱ्यासकट ट्रंकेत गेली. पिल्लू दोरा गिळतं म्हणे, मग तो पोटात अडकतो.

"ती म्हणली?" मी विचारलं.

"हाव. तिला लई म्हायती हाय त्यातली."

मग माझ्या मनी प्लांटची पाळी आली. तो वेल मी अकरा वर्षं वाढवला होता. बाटलीतल्या एका फांदीपासून सुरुवात करून तो बैठकीच्या खिडकीवरून थेट दारापर्यंत गेला होता. पाणीटंचाईच्या उन्हाळ्यातही भाज्या धुतलेल्या पाण्यावर मी तो जगवला. त्याचं पान चावलं तर मांजराच्या तोंडाची आग होते, असं नांदेडहून कळलं. एका रविवारी खिळ्यांवरचे दोरे सोडवले, वेल गुंडाळला आणि कुंडी शेजारणीकडे देऊन आले. भिंतीवर वेलाच्या वाटेचा काळपट डाग राहिला. अव्वा म्हणाली, "बरं झालं, मोकळं वाटून राहिलं."

हे सगळं मी गिळलं असतं. पण मग खाण्याचं पुडकं आलं.

आमचं घर लिंगायत. अव्वाच्या गळ्यात लिंग आहे; सकाळची पूजा झाल्याशिवाय ती तोंडात घोटभर चहा घेत नाही. ती राहायला आली त्याच वर्षी माझ्या मुलाला, जो आता शिकायला बाहेरगावी असतो, टायफॉइड झाला होता. अंगात काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रोज एक अंडं द्या. अव्वा म्हणाली, "या घरात अंडं शिजलं तर मी जेवनार न्हाई." दोन महिने हे मुलाला स्कूटरवर मागे बसवून बसस्टँडजवळच्या गाड्यावर न्यायचे आणि अंडं खाऊ घालून आणायचे. तोंड धुतल्याशिवाय पोरगं घरात येत नसे. आता बहिणीनं पिल्लाच्या सवयीचं खाणं आधीच पाठवून दिलं होतं आणि त्या पुडक्यावर मासळीचं चित्र होतं.

मी ते अव्वासमोर धरलं. "यात मासे आहेत."

तिनं चष्मा वर करून चित्र बघितलं. "डब्यात घालून बाल्कनीत ठिवू. मुका जीव हाय, त्याला काय कळतंय?"

"माझ्या पोराला काय कळत होतं?"

तिला ऐकू आलं असावं. तिनं डबा शोधायला सांगितला.

त्या शनिवारी मी स्टाफरूममधून बहिणीला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, पण तोंडातून अगदी सरळ बाहेर आलं. "अव्वाला दोन दिवसांपासून चक्कर येतेय. डॉक्टर म्हणाले, पायात येईल असं घरात काही नको. पिल्लू दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. आणि तिला फोनवर यातलं काही विचारू नकोस, घाबरेल."

ती म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलं, अक्का?"

"तू काळजी करशील म्हणून."

फोन ठेवला आणि मी पुढचा तास घेतला. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं शिकवणं फार छान झालं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास दाराची बेल वाजली. मी भाकरी थापत होते, पिठाच्या हातानंच दार उघडलं. बहीण उभी होती. केस विस्कटलेले, खांद्याला पिशवी, डोळे सुजलेले. ती पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघाली होती. ती काही बोलणार तेवढ्यात बाल्कनीतून अव्वाचा आवाज आला. हे शिडीवर चढून जाळी बांधत होते आणि अव्वा खाली शिडी धरून उभी होती. "त्या कोपऱ्यातबी एक गाठ मारा. तिथून डोकं घालंल ते."

बहिणीनं आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी दारातून बाजूला झाले.

अव्वाला अर्थातच आनंद झाला. "असं अचानक?" म्हणून तिनं विचारलं, तेव्हा बहीण म्हणाली, "सहज आले. तुला बघावं वाटलं." तिनं अव्वाच्या गालावरून हात फिरवला. मग ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"लोह्यापासून अहमदपूरपर्यंत मी रडत आले," ती हळू आवाजात म्हणाली. "पिल्लू नको होतं तर नको म्हणायचं. अव्वाचं नाव कशाला घेतलंस?"

"मला कुणी विचारलं होतं का?" मी म्हणाले. तव्यावरची भाकरी करपत होती, ती उलटायचं भान मला राहिलं नाही. तिनंच उलटली.

जेवण झाल्यावर ती दमून झोपली. हे खाली गेले. अव्वानं मला खुणेनं जवळ बोलावलं. "काय सांगितलंस तिला?"

मी सांगितलं. सगळं, शब्दन् शब्द. मला वाटलं ती चिडेल. निदान बोलणं तरी टाकेल. ती नुसती ऐकत राहिली. तिच्या त्या गप्प बसण्यानं माझ्यातलं जुनं काहीतरी वर आलं आणि पन्नाशी ओलांडलेली मी तिला म्हणाले, "ती जन्माला आली तेव्हाही तू घर असंच आवरलं होतंस. आणि मला औशाला पाठवलंस."

मी सहा वर्षांची असताना बहीण जन्मली. आठव्या महिन्यातच झाली, हाताच्या पंजाएवढी. मला तेव्हा डांग्या खोकला झाला होता. बाळाला लागण होईल म्हणून मला मामाकडे औशाला ठेवलं. महिनाभरासाठी म्हणून गेलेली मी दीड वर्ष राहिले. शाळाही तिथलीच. लातूर ते औसा म्हणजे एसटीनं पाऊण तासाचं अंतर, पण मला ते मुंबईइतकं लांब वाटायचं. परत आले तेव्हा घराच्या मधोमध पाळणा होता. अव्वाजवळची माझी झोपायची जागा गेली होती. मला अप्पांच्या बाजूला अंथरूण मिळालं. याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नव्हते.

अव्वा आपल्या गुडघ्यावर हात फिरवू लागली.

"मी आले होते औशाला," ती म्हणाली. "शाळेच्या गेटापाशी उभी ऱ्हायले. तू पोरींसंगं लंगडी खेळून राहिली होतीस. हाक मारली असती तर तू मागं लागली असतीस. मग तुला सोडून येनं मला जमलं नसतं."

"किती वेळा आलीस?"

"दोनदा. जास्त न्हाई जमलं. ती जगतीय का न्हाई हेच कळंना."

दीड वर्षात दोनदा. तिला सहज 'दहादा' म्हणता आलं असतं. विचारायला आता मामा नाही, मामी नाही. पण ती 'दोनदा'च म्हणाली, म्हणून मला ते खरं वाटलं. खरं वाटलं तरी पुरेसं मात्र वाटलं नाही. मी तिच्या पायाशी बसून राहिले. तिनं माझ्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही, तशी तिला सवय नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "पिल्लू नको असंल तर राहू दे. मी सांगते तिला."

"नाही," मी म्हणाले. "मी जाऊन आणते."

मी सोमवारी रजा टाकली आणि बहिणीबरोबर नांदेडला गेले. वाटेत आम्ही फार बोललो नाही. तिनं मला खिडकीची जागा दिली, मी तिला डब्यातली धपाटी दिली. तिच्या घरी तीन पिल्लं उरली होती. अव्वासाठी राखलेलं करड्या रंगाचं होतं, एका पायात पांढरा मोजा घातल्यासारखं. अर्धापूरच्या केळ्यांचं एक रिकामं खोकं होतं. बहिणीनं त्याला भोकं पाडली, आत स्वतःची जुनी ओढणी घातली, म्हणजे ओळखीचा वास येईल. पिल्लू उचलताना तिनं ते एकदा गालाला लावलं आणि चटकन खोक्यात ठेवलं.

मंगळवारी परत येताना एसटीत पिल्लानं लोह्यापर्यंत आरडाओरडा केला. कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला. शेवटी मी त्याला बाहेर काढून पदरात घेतलं. त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधड करत होतं. आईपासून तोडून मीच त्याला नेत होते, आणि त्याला ते कुणी समजावून सांगणार नव्हतं. चाकूर येईपर्यंत मी हात हलवला नाही.

घरी आल्यावर ते दिवाणाखाली गेलं आणि दोन दिवस बाहेर आलं नाही. अव्वा गुडघे दुखत असताना जमिनीवर सतरंजी टाकून दिवाणासमोर बसायची. "ये माय, ये बाहेर. कुनी न्हाई मारनार." मी येता-जाता बघत होते. काल-परवा आलेल्या पिल्लासाठी एवढं, असा विचार डोक्यात आलाच. पण तिला उठायला हात दिला की मीही मिनिटभर तिथं टेकायची. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी शेजारी बसलो असताना आधी पांढरा पंजा बाहेर आला, मग मिशा. पिल्लू अव्वाच्या पायावरून चालत बशीकडे गेलं आणि खाऊ लागलं. मासळीच्या वासानं अव्वानं नाकाला पदर लावला, पण उठली नाही.

त्या संध्याकाळी बहिणीनं व्हिडिओ कॉल केला. फोन मी धरला होता. अव्वानं मांडीवरचं पिल्लू उचलून दाखवलं, हे मागून हसत काहीतरी म्हणाले, मी पिल्लाच्या कानामागं बोटानं खाजवत होते. बहीण हे सगळं बघत होती. मग म्हणाली, "छान आहे तुमचं. सगळे एकत्र बसलेले असता."

तो सूर मी ताबडतोब ओळखला. आयुष्यभर मी त्याच सुरात तिच्याबद्दल बोलत आले होते. ती तिकडे एकटी सोफ्यावर बसलेली होती, मागे भिंत, ट्यूबलाइट. आपल्याकडेही कुणाला हेवा वाटावा असं काही आहे, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं, आणि कबूल करते, क्षणभर मला त्याचं बरंही वाटलं.

मग मी पिल्लू अव्वाच्या मांडीवरून उचलून घेतलं आणि फोन तिच्या हातात दिला, म्हणजे बहिणीला समोर नुसती अव्वा दिसेल. दोघी बोलत राहिल्या. मी पिल्लाला घेऊन बाल्कनीत गेले आणि जाळीची एक गाठ सैल झाली होती ती बांधत बसले.