मनुकांचा रस

नागपुरात संत्र्यांना तोटा नाही, पण द्राक्षं आमच्या काळी कोणी पाहिली होती? म्हणून आमच्या मिशनच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे सगळ्यांनी एका प्याल्यातून घोट घ्यायच्या विधीला, द्राक्षारसाऐवजी मनुकांचा रस चाले. इतवारीतून मनुका आणायच्या, एकेक चिरून बिया काढायच्या, रात्रभर भिजत घालायच्या आणि सकाळी मंद आचेवर शिजवून फडक्यातून पिळायच्या. दर तीन महिन्यांनी हे काम निघे आणि ते अनुसयाबाईंचं असे. चर्चच्या मंडळीत हा मोठा मान होता. आमची मंडळी मानासाठी किती भांडू शकते हे मी वेगळं सांगायला नको, पण या मानाला कोणी हात लावला नाही, कारण तसा रस दुसऱ्या कोणाला जमतच नसे.

मी गोपिका, मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. कंपाउंडात अनुसयाबाईंची आणि माझी भिंत एकच. त्या मूळच्या सावनेरच्या. त्यांचे वडील मागावर लुगडी विणायचे. यजमान बाबनराव मिशनच्या छापखान्यात पुस्तकं बांधायचे, कमी बोलायचे आणि बायकोला ‘शामूची माय’ म्हणून हाक मारायचे. शामू म्हणजे शमुवेल, त्यांचा एकुलता एक मुलगा, कॉलेजात जाणारा.

अनुसयाबाईंची जीभ मोठी कडक. बोलण्याची म्हणत नाही, चवीची. मी प्रेमाने वाटीभर भाजी पाठवावी आणि त्यांनी रिकामी वाटी परत देताना तोंडावर सांगावं, “फोडणी जळली होती वं.” दुसऱ्या वेळी, “मीठ काहून एवढं टाकते तू?” मला राग यायचा. शाळेत मी चाळीस पोरींना धाकात ठेवणारी बाई, आणि इथे माझ्या वरणाची परीक्षा! तरी पुढच्या वेळी वाटी पाठवायचीच, कारण त्यांनी ‘बरी झाली’ म्हटलं की मी दिवसभर खूश असे.

पंचावन्न सालच्या जानेवारीत शामूला विषमज्वर झाला. ताप उतरणीला लागला होता, मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आता घोर नाही म्हणून सांगितलं होतं, आणि एका शनिवारी दुपारी तो अचानक गेला. संध्याकाळी त्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. रस अनुसयाबाईंच्याच घरून आला, वेळेवर आणि नेहमीसारखा गाळलेला. त्या स्वतः येऊन आपल्या बाकावर बसल्या. डोळ्यांत पाणी नाही. प्याला हातोहात आला, त्यांनी घोट घेतला आणि पुढे दिला.

तेव्हाचे आमचे म्हातारे पाळक भारावून गेले. त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं, विश्वास पाहायचा असेल तर या बहिणीकडे पाहा. पोराला मातीत ठेवून आली, पण प्रभूचं काम चुकवलं नाही. लोकांनी माना वळवून पाहिलं. महिला सभेत त्यांना आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभं केलं. त्या उभ्या राहिल्या, म्हणाल्या, “माझं बरं आहे,” आणि बसल्या. बायकांनी आमेन म्हटलं. मला त्या आमेनची चीड आली होती. तिचं काय बरं होतं?

भिंतीपलीकडून मला सगळं कळत होतं, कधी मी त्यांच्यासोबत जेवायलाही बसे. कधी भाजी अळणी, कधी खारट, आणि दोन्ही दिवशी त्या सारख्याच मुकाट्याने जेवत. बाबनरावही मुकाट्याने जेवत. त्यांच्याकडे आता हाक मारायला नावच उरलं नव्हतं, ते ‘ऐकलं का’ म्हणत. मी मुद्दाम भाजीत मीठ जास्त घालून वाटी पाठवली. वाटी घासूनपुसून परत आली. सोबत एक शब्द नाही. एवढं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

आणि त्या हात धुवायच्या. कामापुरते नव्हे, सारखेच. चुलीची राख घेऊन नळावर बसायच्या आणि कोपरापर्यंत घासायच्या. बोटांची सालं निघाली तरी घासायच्या. विचारलं तर म्हणायच्या, “चिकट वाटते.”

आता आमच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात मंडळीचे पंच घरोघर फिरत आणि प्रत्येकाला जस्ताचा एक छोटा बिल्ला देत. बिल्ला म्हणजे या माणसाचं मन शुद्ध आहे, याने प्रभुभोजनाच्या मेजाशी यावं. रविवारी तो दाराशी परत द्यायचा. कोणाच्या मनात काही सलत असेल, तर त्याने बिल्ला घ्यायचा नाही. लागोपाठ तीनदा नाकारला, तर पंच बसत आणि नाव मंडळीतून कमी करत. ज्याचं नाव गेलं, त्याला मंडळीच्या कबरस्तानात जागाही नसे. शामू तिथेच होता, मोठ्या चिंचेखाली.

एप्रिलात आमचे पंच भैयाजी बिल्ला घेऊन आले, तेव्हा अनुसयाबाई म्हणाल्या, “मले नको.” रस मात्र त्यांनीच करून पाठवला. जुलैतही तसंच. मग काय, कंपाउंडात कुजबुज सुरू झाली. ज्या बायका जानेवारीत तिच्या विश्वासाचे गोडवे गात होत्या, त्याच आता म्हणू लागल्या, काहीतरी असल्याशिवाय का? स्वतः केलेला रस स्वतः पीत नाही? एकीने तर प्याला ओठांना नुसता टेकवून पुढे दिला, मी पाहिलं. बाई तीच होती, तिचं गप्प राहणंही तेच होतं. जानेवारीत तो विश्वास होता आणि जुलैत पाप झालं.

भैयाजी वाईट माणूस नव्हता. रेल्वेतून निवृत्त झालेला, नेमाचा, आणि प्रत्येक दुखण्याला उपास हे एकच औषध माहीत असलेला. त्याने माझ्यादेखत विचारलं, “अनुसयाबाई, कोणाशी वैर आहे का?”

“नाही जी.”

“काही चुकलं का हातून?”

त्या हातांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मले काही वाटतच नाही, भैयाजी. प्रार्थना केली तरी वाटत नाही. शामूची आठवण काढली तरी वाटत नाही. असा प्याला घेतला तर पाणी पिल्यासारखा होईन. प्रभूचा अपमान होईन ना तो?”

“उपास करा,” भैयाजी म्हणाले. “मन कठीण झालं म्हणजे उपासानं नरम होते. ऑक्टोबरात बिल्ला घेतलाच पायजे, नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही.”

अनुसयाबाईंनी उपास धरला. भूक लागतच नव्हती, त्यामुळे जड गेलं नाही. पंधरवड्याने त्या नळावर राखेचा हात तसाच घेऊन कोसळल्या. बाबनरावांनी आणि मी त्यांना टांग्यात घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी उपासाचं ऐकलं आणि त्या भडकल्या. “टायफॉइड झाला तेव्हा पोराले उपास सांगितला होता का? हाही आजारच आहे. शरीराले येतो तसा मनाले येतो. पापाचा इथे काय संबंध?” त्यांनी झोपेचं औषध दिलं, दूध-अंडी खायला सांगितली, आणि म्हणाल्या की कोणीतरी रोज जवळ बसा, पण उपदेश करू नका. आता आमच्या मंडळीत उपदेश न करता बसणारा माणूस आणायचा कुठून?

तो योगायोगाने आला. म्हातारे पाळक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी चंपतराव आले. उमरेडकडचे, तरुण, प्रवचनात अडखळणारे. मंडळी नाराजच होती. त्यांना मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी अनुसयाबाईंच्या ओसरीवर येऊन बसू लागले. पहिल्या दिवशी लांबलचक प्रार्थना होईल म्हणून मी डोळे मिटून घेतले, तर हा माणूस सुपातल्या शेंगा घेऊन सोलत बसलेला. उठताना म्हणाले, “देवा, आम्ही इथे आहो. आमेन.” झाली प्रार्थना. भैयाजींच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, पाळक आहे का पाहुणा?

असे दिवस गेले. अनुसयाबाई दोन घास जास्त खाऊ लागल्या, थोडं झोपू लागल्या. बाकी डोळे तसेच, विझलेले. हात धुणंही चालूच होतं.

ऑक्टोबरात प्रभुभोजनाच्या आठवड्यात त्यांनी इतवारीतून मनुका आणवल्या. आम्ही तिघं ओसरीवर बिया काढत बसलो. चंपतरावांनी बोटं एकमेकांना लावून पाहिली आणि सहज विचारलं, “हा चिकटपणा लवकर जात नाही का, बाई?”

“जात नाही,” अनुसयाबाई म्हणाल्या. “कधीच जात नाही.” आणि मग, बाजारभाव सांगावा तशा आवाजात, त्या सांगत गेल्या. “त्या शनिवारी मी रस पिळून राहिली होती. शामूनं आतून हाक मारली. आई म्हटलं. मी म्हटलं, येतो बाबू, हात चिकट आहेत. मंग मी हात धुतले. राख लावून धुतले, निघतच नव्हते. पुसले. आत गेली तर तो गेला होता. मी हातही नाही लावला त्याले जिवंतपणी. मंग राहिलेला रस गाळला. दुसऱ्या दिवशी तोच प्याली. ना गोड लागला, ना आंबट. तवापासून काहीच नाही लागत.”

मी सुरी खाली ठेवली. बाबनराव छापखान्यातून कधी आले होते कोण जाणे, दाराशी उभे होते. ही गोष्ट त्यांनाही माहीत नव्हती. अख्ख्या मंडळीने ज्या रसाचं कौतुक केलं, पुन्हा पुन्हा मान म्हणून तिच्याच हातून करवून घेतला, तो हा रस. मला सगळ्या मंडळीला ओळीने उभं करून छड्या माराव्याशा वाटल्या.

चंपतरावांनी हातातली मनुका सुपात ठेवली. मग म्हणाले, “देवानं असं काहून केलं, मले माहीत नाही. तुम्ही काही वाईट केलं नाही, हे माहीत आहे. आई म्हणजे हात धुऊनच येते.” त्यांनी सूप आपल्याकडे ओढून घेतलं. “हे काम आता तुमच्याकडे नाही. मंडळीले मी सांगतो.”

“अन् बिल्ला?” अनुसयाबाईंनी विचारलं. “भैयाजी नाव कापते म्हणते. मले शामूजवळ जागा पायजे.”

“बिल्ला घ्या.”

“पण मले काही वाटत नाही, पाळकसाहेब.”

“तापकऱ्याच्या तोंडाले चव नसते,” चंपतराव म्हणाले. “म्हणून त्याले पेज देणं कोणी बंद करते का? तुम्ही या. वाटो, न वाटो.”

रसाचं काम माझ्या गळ्यात पडलं. शाळेच्या वह्या तपासता तपासता मनुका भिजत घालायच्या राहिल्या. सकाळी गडबडीने घातल्या, आच वाढवली, भांडं खाली लागलं. फडकंही जाड मिळालं नाही. तो पाकासारखा चिकट रस पाहून मला रडू यायचं बाकी होतं.

भैयाजींनी दाराशी बिल्ले गोळा केले. अनुसयाबाईंनी मूठ उघडली आणि बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला. भैयाजींनी बाजूला सरून त्यांना वाट दिली. प्याला आमच्या बाकावर आला. अनुसयाबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, प्रार्थनेत डोळे मिटायचे सोडून. तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. त्यांनी घोट घेतला. पुढे देताना प्याला कलला आणि रस त्यांच्या बोटांवर सांडला.

उपासना संपली. बाहेर पायरीवर आम्ही चपला घालत होतो. अनुसयाबाई थांबल्या आणि कपाळाला आठी घालून माझ्याकडे पाहू लागल्या.

“गोपिका, रस तू काढला का वं?”

“हो.”

“आंबट झाला. भिजल्याच नाही मनुका. अन् खाली लागला, करपट वास येते.”

बाबनराव एक चप्पल पायात, एक हातात, असे थांबले. “काय म्हटलं, शामूची माय?”

“आंबट आहे म्हटलं.”

बाबनराव चप्पल टाकून पायरीवरच बसले आणि सगळ्या मंडळीदेखत हमसून रडू लागले. लोक जाता जाता वळून पाहत होते. अनुसयाबाईंच्या डोळ्यांत तेव्हाही पाणी नव्हतं. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग त्यांच्याशेजारी बसल्या आणि तो चिकट हात तसाच त्यांच्या पाठीवर ठेवला. नळ समोरच होता, पण त्या उठल्या नाहीत.