थंड घाम

शुगर उतरली तेव्हा आमच्या गावातल्या, माकुणसारमधल्या प्रत्येकाने मला एकच ऐकवलं, देवीची कृपा. माझ्या डोक्यात तिडीक जायची. सोळा वर्षं मी पोटात सुया टोचून घेतल्या, इन्शुलिन वाढत वाढत चाळीस युनिटवर गेलं, देवीला साकडं घालून थकलो, तेव्हा ती कुठे होती? शेवटी सर्जनने पोट कापलं, जठर लहान केलं आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून अन्नाची वाट पुढे जोडून दिली. तुमचं शरीर तुमच्याच इन्शुलिनला जुमानत नव्हतं, आता जुमानू लागेल, असं ते म्हणाले होते. झालंही तसंच. वजन उतरायच्या आधीच, आठवडाभरात, चाळीसचे आठ युनिट झाले. पोट कापलं माझं आणि श्रेय देवीला.

तरी चैत्रातल्या जत्रेला सरावलीहून गावी जावं लागलं. माझी शुगर उतरली तर देवीला खिरीचा नैवेद्य दाखवीन, असं आई बोलून गेली होती, आणि आता आई नाही. गोडाचं जेवण असलं की आधी जास्त टोचून घ्यायचं, ही आम्हा शुगरवाल्यांची जुनी खोड. देवळात सुई कुठे काढणार, म्हणून मी घरीच वीस युनिट भरले. बायको म्हणाली, डॉक्टरांनी आठच सांगितलेत, आणि आता तुम्ही खाता तरी किती? मला शिकवू नकोस, म्हणून मी खेकसलो, टोचून घेतलं आणि एकटाच निघालो.

आरती लांबली. खीर देवीपुढे झाकलेली, ढोल वाजत होते. आधी माझे हात थरथरले, मग शर्ट भिजून अंगाला चिकटला. वीस युनिट अंगात आणि पोट रिकामं, शुगर पार खाली गेली होती. मला साखर मागायची होती, पण जीभ वळेना, घशातून नुसता घुमल्यासारखा आवाज आला. आणि लोकांनी काय करावं? देवी अंगात आली म्हणून माझ्या कपाळाला कुंकू फासलं आणि ढोल आणखी जोरात बडवले. एक बाई पाया पडून लेकीच्या लग्नाचं विचारू लागली. बोईसरला कंपनीत रोज माझ्या शेजारी बसून डबा खाणारा माणूसही हात जोडून उभा होता. एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होतो आणि ते नारळ फोडत होते.

तेवढ्यात गर्दी सारून हिरामावशी पुढे आली. दर जत्रेला देवी हिच्या अंगात येते, आणि गेल्याच वर्षी गावच्या बैठकीत मी हिला तोंडावर ढोंगी म्हटलं होतं. तिने माझ्या मानेवर हात ठेवला आणि ढोल थांबवायला लावले.

“देवी नाय ही,” ती म्हणाली. “देवी आली का अंग तापतं. याचा घाम थंड हाय. गोड काय तरी द्या याला.”

नैवेद्य अजून दाखवला नाही म्हणून कोणीतरी अडवलं. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. सरळ देवीपुढचं झाकण काढलं आणि खिरीचं गोड दूध थोडं थोडं माझ्या तोंडात घातलं. हळूहळू मला माणसं नीट दिसू लागली, मग मला दवाखान्यात नेलं.

चार दिवसांनी मी तिच्याकडे माफी मागायला गेलो. ती अंगणात वाल निवडत होती. मी सगळं सांगितलं, बायकोवर खेकसलो तेही.

“मला ढोंगी बोललास त्याचं काय नाय,” ती मान वर न करता म्हणाली. “राग देवीवर हाय ना तुझा? मग तिच्या तोंडावर बोल, ती ऐकून घेते. तो सुईत कशाला भरलास?”

 तिथून उठून देवळात गेलो आणि सोळा वर्षांचं सगळं देवीला मोठ्याने ऐकवलं. बोलता बोलता रडू फुटलं. त्या दिवशी देवी धावून आली की मावशी, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. जिला मी खोटी म्हटलं तिच्याच हातून मला जीवदान मिळालं, एवढं मला पुरे आहे.

राग अजून येतो. आला की देवळात जाऊन बोलून टाकतो. सुई मात्र आता मी भरत नाही. बायको भरते, मी मुकाट शर्ट वर करतो.