मावशीला ऐकू आलेलं गाणं

प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीत मावशीची एकोणीस वर्षं गेली. मादीच्या मुतात भिजवलेला कापसाचा बोळा पिंजऱ्यात ठेवला की नर गाऊ लागतो. पण ते गाणं इतकं बारीक की माणसाला ऐकूच येत नाही. खास माइक लागतो. ते टिपायचं काम मावशीचं. नवरा चिडवायचा, "माझ्यापेक्षा उंदरांचं जास्त ऐकतेस." ती म्हणायची, "ते लग्नाआधी गातात तरी!"

यंदा हीच गाणी वीस माद्यांना ऐकवायची होती. मादी स्पीकरकडे जाते का, एवढंच बघायचं. महिना झाला, एकीनंही मान वळवली नाही. प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांनी खापर मावशीवर फोडलं. "तुमची आदळआपट चालते ना पिंजऱ्यांची, बहिऱ्या झाल्या सगळ्या."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आदळआपट कसली, ही बाई पिंजऱ्याचं झाकणसुद्धा हलक्या हातानं लावायची. "साहेब, माझ्या माद्या धडधाकट आहेत. तुमचं यंत्र तपासा." साहेबांनी यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर आठ पिंजरे रिकामे. त्यातल्या माद्या निकामी ठरवून गॅस देऊन मारल्या होत्या. उरलेल्या बारांची पाळी दुपारी. त्याआधी अहवालासाठी एका मादीचं चित्रण हवं होतं, आणि नेमका कॅमेऱ्याचा स्टँड मोडला. गाणं वाजताना खोलीत कुणी थांबायचं नाही, हा नियम. पण आज कॅमेरा धरायला मावशीला आत उभं केलं.

डॉक्टरांनी बाहेरून बटण दाबलं आणि मावशीला शीळ ऐकू आली. चांगली लांबलचक, स्वच्छ शीळ.

तिनं धाडकन दार उघडलं. "साहेब, मला ऐकू येतंय!"

"मग?"

"मग काय? मला ऐकू येतंय म्हणजे हे त्यांचं गाणंच नाही!"

डॉक्टरांचा चेहरा पडला. व्याख्यानात लोकांना ऐकू यावं म्हणून सोळापट संथ केलेली फाइल ते महिनाभर वाजवत होते. मूळ फाइल लावली, तशी मादी धावत जाऊन स्पीकरच्या जाळीला नाक लावून बसली.

"चला, बारा पुरेत आपल्याला," डॉक्टर घाम पुसत म्हणाले. "त्या आठांचं कुठं लिहायला नको. मावशी, ते पिंजरे तेवढे धुऊन टाका."

मावशीनं ब्रश त्यांच्याच हातात कोंबला. "तुम्ही धुवा. प्रत्येक पिंजऱ्यावर 'बहिरी, निकामी' अशी तुमचीच चिठ्ठी आहे, ती वाचून धुवा."